नळाचे पाणी कोणी तपासायचे?

(वडगाव मावळ येथील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे.)



बैठकीच्या पत्रकावरचा विषय वाचून दोघा-तिघांनी आम्हाला सकाळीच बाजूला घेतले. म्हणाले, भाताचा भाव सोडून तुम्ही नळाच्या पाण्यावर कधीपासून बोलायला लागलात? नळ ही गावठाणातल्या लोकांची भानगड. आपल्याकडे विहीर आहे, ओढा आहे.

प्रश्न रास्त आहे. आम्हीही पाच-सहा वर्षांपूर्वी हेच म्हणालो असतो. मग आमच्या थोरल्या भावाचा मुलगा शिकायला एका तालुक्याच्या गावी खोली घेऊन राहिला, आणि ऐन लावणीच्या दिवसांत कावीळ घेऊन घरी आला. गावाचे नाव घेत नाही, कारण चूक एकट्या त्या गावाची नव्हे. पोरगा महिनाभर अंथरुणावर. वहिनी त्याच्या उशाशी. दादा एक दिवस दवाखान्यात, एक दिवस खाचरात. आवण राबात पिवळे पडायला लागले तेव्हा दुप्पट मजुरी देऊन माणसे आणली, तरी लावणी लांबली ती लांबलीच. त्या हंगामाचा हिशेब आम्ही स्वतः मांडला. बियाणे, खत, औषध हे सगळे बरोबर होते. तोटा झाला तो नळाच्या पाण्याने, आणि त्याला उत्पादन खर्चाच्या कोणत्याही तक्त्यात रकाना नाही.

डॉक्टरांनी एक साधा प्रश्न विचारला होता. पोरगा पितो ते पाणी येते कुठून आणि त्यात क्लोरीन किती असते? घरात शेतकी पदवी घेतलेले आम्ही होतो, आम्हालाही सांगता आले नाही. कॉलेजात आम्हाला मातीचा नमुना कसा घ्यायचा ते शिकवले. शेताचे भाग पाडा, नागमोडी चाला, बांधाजवळची माती घेऊ नका, शेणखताच्या ढिगाखालची घेऊ नका. माती पोटात जात नाही तरी एवढी काळजी. जे रोज पोटात जाते त्याचा नमुना कुठून घ्यायचा, हे आम्हाला कोणी शिकवले नाही आणि आम्हीही कोणाला विचारले नाही.

आता आपल्या मावळाचे बघा. लोणावळ्याला वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. वडगावपर्यंत येताना तो निम्म्याहूनही कमी होतो, पण तरी दुष्काळी भागातला माणूस ऐकून तोंडात बोट घालील इतका. या पाण्यावर सगळ्यांचा डोळा. वळवण, लोणावळा आणि शिरवता या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीला नेऊन टाटांनी १९१५ साली वीज केली. पवनेचे धरण झाले, त्याचे पाणी रावेतच्या बंधाऱ्यावरून उचलून पिंपरी-चिंचवड वाढले. ते पाणी थेट बंद नळातून न्यायचे ठरले तेव्हा ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर बऊरजवळ आंदोलनात गोळीबार झाला आणि आपले तीन माणसे गेली. ते इथे कोणाला सांगायला नको. पण त्या दिवसापासून आपण पाण्याचा विचार फक्त एकाच बाजूने केला. पाणी कोणाचे, किती आणि कुठे जाते. आहे ते पाणी कसे आहे, हा प्रश्न आपल्या एकाही ठरावात आला नाही. आम्ही जुने ठराव काढून पाहिले.

इंद्रायणी कुरवंड्याजवळ उगम पावते आणि तुळापूरला भीमेला मिळते. आळंदीला फेस आला की वर्तमानपत्रात फोटो येतो. वारकरी त्या पाण्यात स्नान करतात म्हणून सगळ्या महाराष्ट्राला हळहळ वाटते, आणि वाटायलाच हवी. पण आळंदी खाली आहे. तिच्या वर देहू आहे, तळेगाव आहे, वडगाव आहे, कामशेत आहे, लोणावळा आहे. प्रत्येक गाव वरच्या गावाचे सांडपाणी पिते आणि स्वतःचे खालच्याला पाठवते. इंद्रायणी तांदूळ इथल्याच, वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली बाहेर पडला. त्याला नदीचे नाव दिले ते अभिमानाने दिले. त्या तांदळाचा वास देशभर गेला. नदीच्या वासाबद्दल आम्ही काही बोलत नाही.

नळात पाणी कसे येते ते आधी समजून घेऊ, कारण तक्रार करताना नेमके कुठे बोट ठेवायचे हे कळले पाहिजे. नदीतून उचललेल्या पाण्यात तुरटी घालतात. तुरटीने बारीक गाळाच्या गुठळ्या होतात आणि खाली बसतात. राहिलेले पाणी वाळूतून गाळतात. मग क्लोरीन. हा क्रम महत्त्वाचा आहे. पहिल्या पावसात नदी तांबडी होते. त्या वेळी गाळ नीट न काढता नुसता क्लोरीन ओतला, तर अर्धा क्लोरीन गाळच खाऊन टाकतो आणि जंतू मातीच्या कणाआड दडून बसतात. आपण तणनाशक मारतो तेव्हा टाकीत गढूळ पाणी घेऊ नका असे का सांगतात? काही औषधे मातीला चिकटून बसतात आणि तणापर्यंत पोचतच नाहीत. इथेही तोच प्रकार. म्हणून भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, पाण्याचा गढूळपणा एक एककाच्या आत असावा असे म्हटले आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर पाचपर्यंत चालवून घ्यावा. नळाला चहासारखे पाणी आले आणि कोणी म्हणाले की रंगावर जाऊ नका, आम्ही पावडर टाकली आहे, तर त्यांना हे ऐकवा.

पावडर म्हणजे टीसीएल. चांगल्या ताज्या पावडरीत शेकडा ३३ भाग क्लोरीन असतो. स्वच्छ पाण्याला हजार लिटरमागे अडीच ग्रॅम, म्हणजे लाख लिटरच्या टाकीला पाव किलो, आणि मग किमान अर्धा तास मुरू द्यायचे, असा साधारण हिशेब. पण पोते उघडे राहिले, पंपघराच्या ओलीत पडले, पत्र्याखाली तापले, की जोर उडून जातो. युरियाचे पोते ओलावले तर दगड होतो, डोळ्यांना दिसते. पावडरीचे तसे नाही. ती पांढरीच राहते, वासही थोडा येतो, पण काम करीत नाही. मग पाव किलो टाकल्याची नोंद खरी असते आणि पाण्यात क्लोरीन मात्र नसतो.

टाकीतून पाणी सुटल्यावर खरी गंमत सुरू होते. आपल्याकडे चोवीस तास पाणी नाही. दिवसाकाठी तास-दीड तास येते. उरलेला वेळ नळ्या रिकाम्या. नळी भरलेली असते तेव्हा फट असली तर पाणी बाहेर गळते, रस्त्यावर डबके होते, लोक ओरडतात. नळी रिकामी झाली की तीच फट उलटी चालते. बाहेरचे आत ओढले जाते. आणि बाहेर काय असते? गटार. आपल्या कितीतरी गल्ल्यांत घरजोडणीची नळी गटारातूनच आडवी गेलेली आहे. त्यात पाणी आले की जो तो नळाला मोटर लावतो. मोटर फक्त टाकीकडूनच खेचते असे थोडेच आहे? तिला फट सापडली तर ती गटारही खेचते. स्वतःचा हंडा भरला आणि शेजाऱ्याच्या घरात कावीळ नेऊन सोडली, असा हा प्रकार आहे. राग येऊ देऊ नका. आमच्या घरीही मोटर होती. ती काढली आणि त्यावरून घरात चार दिवस बोलणी खाल्ली.

इथे टेबलावर दोन पेले आहेत. दोन्ही एकाच गावच्या नळाचे, एकाच सकाळी भरलेले. गाव कोणते ते विचारू नका. एक टाकीच्या पायथ्याशी असलेल्या घरातला, दुसरा ओळीच्या अगदी शेवटच्या घरातला. दोन्ही आरशासारखे स्वच्छ. आता यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकतो. पहिल्यात पिवळा रंग आला, मागच्यांनाही दिसत असेल. दुसऱ्यात काही नाही. म्हणजे पहिल्या घरापाशी क्लोरीन शिल्लक आहे, दुसऱ्या घरापर्यंत येता येता संपला. वाटेत काहीतरी होते आणि त्याच्याशी लढण्यात तो खर्ची पडला. नळाच्या टोकाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा, साथीच्या दिवसांत ०.५. शून्य असेल तर पाणी बिघडलेलेच आहे असे नाही, पण त्याच्यावर राखण कोणाची नाही. रात्रभर उघड्यावर राहिलेले खळे समजा. (थेंब टाकलेले पाणी पिऊ नका, जनावरांनाही पाजू नका. हे द्रव्य पोटात जाण्यासारखे नाही. आता याऐवजी डीपीडीच्या गोळ्याही मिळतात, त्या घेतलेल्या बऱ्या.)

नमुना कुठून घ्यायचा याचे उत्तर यातच आले. शेवटच्या घरातून. तपासणीला येणारा माणूस टाकीजवळच्या नळाचे पाणी भरून नेत असेल, तर ते शेणखताच्या ढिगाखालची माती तपासायला नेण्यासारखे आहे. अहवाल उत्तम येणार.

आमच्या वाचनात कॅनडातल्या वॉकर्टन या गावाची हकीगत आली. पाचेक हजार वस्तीचे, शेतीच्या मुलखातले गाव. वडगावपेक्षा लहान. मे २००० मध्ये तिथे मोठा पाऊस झाला. शेजारच्या गोठ्याचे शेणखत शेतात टाकलेले होते. त्यातले जंतू पाझरून गावाच्या एका उथळ विहिरीत उतरले. विहिरीवर क्लोरीनचे यंत्र होते. रोज मोजून नोंद करायची पद्धत होती. पण पाणी सोडणारे कामगार वर्षानुवर्षे न मोजताच आकडा लिहीत आले होते. ०.५, ०.७५, असे छान आकडे. प्रयोगशाळेने १७ मे रोजी कळवले की नमुने दूषित आहेत. ते पाणीखात्याच्या व्यवस्थापकाने दाबून ठेवले. लोक आजारी पडायला लागले, आरोग्य अधिकारी फोन करून विचारीत होते, आणि पाणी ठीक आहे असे उत्तर मिळत होते. शेवटी २१ मे रोजी आरोग्य अधिकाऱ्याने स्वतःच्या अधिकारात पाणी उकळून प्या असे जाहीर केले. तोवर उशीर झाला होता. सुमारे २३०० माणसे आजारी पडली, सात मेली.

चौकशी आयोग बसला. त्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या निघाल्या. एक, प्रयोगशाळांचे काम सरकारने १९९६ मध्ये खासगीकडे दिले होते, पण वाईट अहवाल थेट आरोग्य खात्याला कळवण्याचे बंधन घातले नव्हते. अहवाल गेला तो ज्याची चूक त्याच्याच हातात. दुसरी, ज्या शेतकऱ्याचे ते शेणखत, त्याला आयोगाने दोष दिला नाही. त्याने चांगल्या शेतीच्या रीतीप्रमाणेच काम केले होते. विहीर तिथे खोदणाऱ्याने आणि क्लोरीन न मोजणाऱ्याने ते बघायला हवे होते. हे आम्ही मुद्दाम सांगतो. उद्या इथे काही घडले तर पहिले बोट गोठ्याकडे आणि खाचराकडे दाखवले जाईल. तेव्हा हातात क्लोरीनच्या नोंदी असलेल्या बऱ्या.

कॅनडा लांब आहे म्हणाल तर पुणे जवळ आहे. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात गुइलेन बॅरे नावाच्या आजाराचे रुग्ण एकदम वाढले. हातापायांतले बळ जाते, काहींना श्वासाला यंत्र लावावे लागते. रुग्णांचा आकडा दोनशेच्या आसपास गेला. काहींच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर हा जंतू सापडला. तो दूषित पाण्यातून आणि अन्नातून पोटात जातो. बोट पाण्याकडे गेले. नांदेडगाव, किरकटवाडी ही गावे २०२१ साली महापालिकेत गेली. पालिकेचा कर आला, पालिकेचे गाळलेले पाणी आले नाही. धरणाचे पाणी विहिरीत घेऊन पावडर टाकून पुरवले जात होते. आणि २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, माणसे दगावली होती. पंचगंगेच्या काठचे, सुतगिरण्यांचे श्रीमंत गाव. पैशाने नळातली फट बुजत नाही, ती फावड्याने बुजवावी लागते.

वडगावचेही २०१८ साली असेच स्थित्यंतर झाले. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. त्यात चांगले काय, वाईट काय, यावर आम्ही आज बोलत नाही. पण एक गोष्ट हातातून गेली ती कोणाच्या लक्षात आली नाही. ग्रामपंचायत होती तेव्हा ग्रामसभा होती. पाणी कसे आहे म्हणून कोणीही माणूस उभा राहून विचारू शकत होता. गावाच्या पाण्याची वर्षातून दोनदा पाहणी होऊन लाल, पिवळे, हिरवे कार्ड मिळत होते. लाल कार्ड म्हणजे धोका हे न शिकलेल्या माणसालाही कळत होते. नगरपंचायतीत ग्रामसभा नाही. प्रश्न विचारायचा तर नगरसेवकामार्फत, नाहीतर अर्ज करून. शहर झाल्यावर प्रश्न विचारायची जागा कमी झाली आणि इमारती वाढल्या. ज्या वाड्या अजून ग्रामपंचायतीत आहेत त्यांनी आपली ग्रामसभा सांभाळा. जलसुरक्षकाला बोलवा, कार्ड कोणत्या रंगाचे आले ते सभेत वाचायला लावा.

आता आपल्या बाजूचे थोडे. फवारणीचा पंप ओढ्यात धुतो तो कोण? आम्हीच. औषधाच्या रिकाम्या बाटल्या पाटात कोण टाकतो? मावळात दगड काळा, कातळाच्या भेगांतून पाणी चालते. वाळूच्या जमिनीत गाळून निघते तसे इथे निघत नाही. गोठ्यामागचे मुतारीचे पाणी भेगेत शिरले की ते विहिरीत उतरायला वेळ लागत नाही. खाचरात युरिया फेकून दिला आणि तासाभरात पाऊस आला, तर तो युरिया पिकाला नाही, ओढ्याला मिळतो. पैसा आपला, बिघाड सगळ्यांचा. चारसूत्री पद्धतीत चार चुडांच्या मधोमध एक ब्रिकेट सात ते दहा सेंटीमीटर खोल खोचतात. ती पद्धत आम्ही उत्पादनासाठी सांगत आलो. पाण्यासाठीही तीच बरी. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावे, नाहीतर वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्तात प्राणवायू नेण्याची ताकद कमी होते. आणि नायट्रेट उकळून जात नाही, उलट पाणी आटते तसे दाट होते. ज्यांच्या विहिरीजवळ उकिरडा आहे त्यांनी हे घरी जाऊन सांगा.

काही जण म्हणतील, आम्ही जार घेतो, आरओ बसवला. जारचे पाणी थंड असते एवढेच बहुतेकांना माहीत असते. ते कोणत्या बोअरचे, कोणी तपासले, हे जारवर लिहिलेले नसते. आरओ क्षार काढण्यासाठी असतो. सह्याद्रीच्या पावसाचे हे पाणी, यात क्षार मुळातच कमी. पेलाभर पाण्यासाठी तीन पेले मोरीत सोडणारे यंत्र मावळात कशाला? राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९ साली म्हटले होते की क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत असतील तिथे आरओवर बंदी आणावी. आणि ज्याला परवडते तो यंत्र घेऊन गप्प बसतो, मग ओरडायला उरते कोण? ज्याला परवडत नाही तो, आणि त्याचे कोणी ऐकत नाही. वीटभट्टीवरचा मजूर आणि भाड्याच्या खोलीत शिकणारे आपले पोर यंत्र घेत नाही.

तेव्हा करायचे काय? मोर्चा नंतर काढू. आधी मोजू. प्रत्येक गल्लीच्या शेवटच्या घरात आठवड्यातून एकदा क्लोरीन पाहायचा आणि वहीत लिहायचे. तारीख, वेळ, रंग आला की नाही. आला नाही तर आला नाही असेच लिहायचे. आपली वही खोटी निघाली तर आपल्यात आणि वॉकर्टनच्या त्या माणसात फरक काय? पावसाळ्याच्या तोंडावर आणि पाऊस संपल्यावर जंतूची बाटलीही लावायची. पाणी खुणेपर्यंत भरून उबदार जागी ठेवले आणि एक-दोन दिवसांत काळे झाले, तर ते पिण्याजोगे नाही. मग तोच नमुना रीतसर सरकारी प्रयोगशाळेत. दुसऱ्या बाजूने माहितीच्या अधिकारात, २००५ च्या कायद्याने, तीन गोष्टी मागायच्या: गेल्या वर्षभरातली क्लोरीनची नोंदवही, पावडर खरेदीची बिले, आणि प्रयोगशाळेचे सगळे अहवाल, नमुना कोणत्या घरातून घेतला त्यासह. आपली वही आणि त्यांची वही शेजारी ठेवून मुख्याधिकाऱ्यांकडे जायचे. नीट बोलायचे. पाणी सोडणाऱ्या कामगाराला शिव्या घालायच्या नाहीत. तो तुटपुंज्या पगारावर पहाटे चारला उठून चावी फिरवतो, आणि त्याच्या हातात मोजायची बाटली कोणी दिली आहे का, हे आधी विचारायचे.

तोपर्यंत पाणी गढूळ आले तर फडक्याने गाळून, खळाखळा उकळी आल्यावर निदान एक मिनिट उकळून घ्यायचे. घरात गरोदर बाई असेल तर कंटाळा करायचा नाही. पाण्यातून येणाऱ्या काविळीचा एक प्रकार गरोदरपणात जिवावर उठतो.

थेंबांच्या बाटल्या आणि वह्या मागच्या टेबलावर आहेत. बाटल्या सगळ्यांना पुरणार नाहीत. ज्यांचे घर नळाच्या ओळीत शेवटी येते त्यांनी आधी घ्याव्यात, आणि नाव लिहून घ्यावे. पुढच्या बैठकीला बाटली आणली नाही तरी चालेल. वही आणा.